झाक की छटा?

गिरगावात घरच्याच डार्करूममध्ये निगेटिव्हवरून रंगीत प्रिंट काढणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे की, 'कलर कास्ट'ला मराठीत 'छटा' म्हणावं का? शिवाय, प्रिंट लाल आली तर छापताना दिव्यासमोर लावायचा फिल्टरही लालच वाढवा म्हणतात, हे उलटं नाही का?

'छटा' नको. एकाच रंगाच्या फिक्या-गडद पायऱ्यांना तो शब्द शोभतो. नको असलेला रंग सगळ्या चित्रावर पसरतो ती 'झाक'. बोलताना तर 'मारणे' आहेच. 'प्रिंट हिरव्यावर मारतेय' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. विशेषणंही तयार आहेत: निळसर, तांबूस, हिरवट, पिवळट. हिरवट-पिवळटमधल्या 'ट'ला किंचित नापसंतीचा वास येतो, तो इथे हवाच.

अडचण मॅजेंटाची. कोशातला 'किरमिजी' लालाकडे झुकतो. दादरच्या साडीवाल्यांचा 'राणी कलर' त्यापेक्षा जवळचा. मी 'मॅजेंटा'च ठेवीन. ते नाव १८५९ सालच्या इटलीतल्या लढाईवरून पडलं, म्हणजे इंग्रजीतही ते पाहुणंच.

इथे नावात चूक झाली तर कागद फुकट जातो. झाक मॅजेंटा असेल तर एकटा मॅजेंटा फिल्टर वाढवायचा, लाल असेल तर त्याच्या जोडीला यलोही, कारण दोन्ही मिळून लालच होतो. उलटं वाटतं, पण निगेटिव्हवरून छापताना मॅजेंटा फिल्टर हिरवा प्रकाश अडवतो, आणि कागदात मॅजेंटा रंग तयार होतो तो त्या हिरव्या प्रकाशामुळेच. प्रकाश कमी, रंग कमी. म्हणून हिरवट प्रिंटला मॅजेंटा कमी करा, निळसर प्रिंटला यलो, आणि सायनवर, म्हणजे निळ्या-हिरव्यावर, मारत असेल तर दोन्ही. सायन फिल्टर सहसा वापरतच नाहीत. तिन्ही एकत्र आले की नुसता प्रकाश खातात. स्लाइडवरून, म्हणजे चित्र सुलटंच दिसणाऱ्या फिल्मवरून, थेट रिव्हर्सल कागदावर छापत असाल तर हे सगळं उलटं करायचं.

ओली प्रिंट निळसर दिसते, तेव्हा वाळल्याशिवाय निकाल देऊ नका. ट्यूबलाइटखाली तर मुळीच नको, ती स्वतःच बहुधा हिरव्यावर मारते.

सावल्या हिरवट आणि उजळ भाग गुलाबी, असं एकाच प्रिंटवर दिसलं तर मात्र तिला मी झाक म्हणणार नाही. झाक सगळीकडे एकाच अंगाची असते, म्हणून ती फिल्टरने निघते. ही निघत नाही. तिथे फिल्टरशी झटापट न करता कागदाची, फिल्मची मुदत आणि डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, तपासा.