लहान आणि केस न गळणारं कुत्रं हवंय? आधी कंगव्याचा हिशोब करा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लॅट लहान, घरात सात वर्षांचा मुलगा आणि आजी, मुलाला कुत्र्यामांजरांजवळ गेलं की शिंका येतात, दिवसा बराच वेळ घरी फक्त आजी. पामेरियन, शिह त्झू आणि टॉय पूडल यांतलं कोणतं घ्यावं, आणि केस अजिबात गळायला नकोत.

पामेरियन आत्ताच यादीतून काढा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर लांब राठ केस आणि खाली दाट मऊ लोकर. ही लोकर थोडी थोडी वर्षभर गळते आणि ऋतू बदलताना तर मूठमूठ निघते. 'मग केस बारीक करून टाकू' असं बरेच जण सुचवतील, त्यांचं ऐकू नका. दोन थरांचा कोट (म्हणजे अंगावरचे केस) मशीननं उतरवला तर तो काही कुत्र्यांत ठिगळ लावल्यासारखा परत येतो, काहींत वर्ष वर्ष येतच नाही. पग किंवा चिवावा कुणी सुचवलं तर तेही नको. आखूड केस म्हणजे कमी गळणं हा समज साफ चुकीचा आहे. पगचे केस बारा महिने गळतात आणि आखूड असल्यामुळे सोफ्याच्या कापडात सुईसारखे रुततात.

आता मुद्द्याचं. अजिबात केस न गळणारं केसाळ कुत्रं नसतं. प्रत्येक केस वाढतो, थांबतो आणि पडतो. पूडल, माल्टीज, बिशाँ यांचा केस बराच काळ वाढतच राहतो, त्यामुळे एका वेळी थोडेच पडतात. शिवाय जे पडतात ते कुरळ्या किंवा लांब केसांतच अडकून राहतात. म्हणजे जमीन स्वच्छ दिसते, पण तो मेलेला केस अंगावरच असतो आणि तो काढायचं काम तुमचं. काढला नाही तर त्याच्या जटा होतात. त्यामुळे अशी जात निवडताना 'किती गळतं' यापेक्षा 'रोज कंगवा कोण फिरवणार' हा प्रश्न आधी सोडवा. आजींच्या हातांना झेपेल का, तुम्ही रात्री दमून आल्यावर कराल का, हे खरेपणानं ठरवा.

कमी केस गाळणारं कुत्रं ओळखायची एक सोपी खूण आहे: दाढी, मिशा आणि दाट भुवया. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की कुत्र्यांच्या कोटाचे बहुतेक प्रकार तीनच जनुकांच्या जुळणीतून ठरतात. एकानं केसाची लांबी, दुसऱ्यानं कुरळेपणा आणि तिसऱ्यानं दाढीमिशा. दाढीमिशांचं जनुक असलेली कुत्री सहसा कमी केस गाळतात. पूडलशी संकर केलेली पिल्लं बघायला गेलात तर याचा उपयोग होतो. एकाच वेतातलं गुळगुळीत तोंडाचं पिल्लू मोठं झाल्यावर केस गाळण्याची शक्यता जास्त, झुबकेदार तोंडाचं कमी. 'पूडलचा संकर आहे म्हणजे गळणार नाही' ही हमी कुणी देत असेल तर ती मानू नका.

मुलाच्या शिंकांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर त्रास मुलाला होतो आणि शेवटी कुत्र्याला घर सोडावं लागतं. ॲलर्जी केसाची नसते. ती कुत्र्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि लघवीतल्या प्रथिनांची असते. केस फक्त ती घरभर पसरवतो. 2011 च्या एका अभ्यासात 'ॲलर्जी न करणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या आणि इतर जातींच्या घरांतली धूळ तपासली, तर मुख्य प्रथिनाच्या प्रमाणात फरक सापडला नाही. 2012 च्या दुसऱ्या अभ्यासात तर अशा जातींच्या केसांवर ते उलट जास्त निघालं. त्यामुळे जातीच्या नावावर भरवसा ठेवून पिल्लू आणू नका. आधी डॉक्टरांकडून मुलाची ॲलर्जी चाचणी करून घ्या. कुत्र्याच्या नेमक्या कोणत्या प्रथिनाची ॲलर्जी आहे हेही काही ठिकाणी तपासता येतं. त्यातलं एक प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. फक्त त्याचीच ॲलर्जी असलेल्या माणसाला मादी चालून जाऊ शकते. मुलाला दम्याचा त्रास नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जे कुत्रं घ्यायचं आहे त्याच कुत्र्यासोबत त्याला तीन-चार वेळा, दर वेळी तासभर, बंद खोलीत बसू द्या. एका भेटीवर निर्णय नको, लक्षणं कधी कधी काही तासांनी दिसतात. कुत्रं आल्यावरही मुलाच्या झोपायच्या खोलीत त्याला प्रवेश नको. आंघोळीनं प्रथिनं कमी होतात, पण काही दिवसांत पुन्हा तेवढीच होतात. आठवड्यातून दोनदा तरी घातली तरच फरक टिकतो.

जातींकडे येऊ. तुमच्या घरासाठी माझी पहिली पसंती मिनिएचर पूडल, टॉय नव्हे. टॉयची उंची 24 ते 28 सेंमी, मिनिएचरची 28 ते 35. फरक कागदावर छोटा वाटतो, पण टॉयचे पुढचे पाय पेन्सिलीएवढे असतात आणि सात वर्षांच्या मुलाच्या हातातून किंवा सोफ्यावरून पडून ते मोडतात. दोन्ही आकारांत गुडघ्याची वाटी सरकणं आणि डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणं हे आनुवंशिक दोष आढळतात. डोळ्याच्या दोषासाठी जनुकीय चाचणी मिळते, आईवडिलांचे निकाल मागा. पूडल अतिशय हुशार असतं, पण रोज चालणं आणि डोक्याला काम मिळालं नाही तर दिवसभर भुंकतं.

शिह त्झू स्वभावानं शांत, आजींना सोबत म्हणून उत्तम. पण नाक चपटं, त्यामुळे धापा टाकून अंग थंड करणं त्याला नीट जमत नाही, उन्हात फिरवायचं नाही. डोळे बाहेर आलेले असतात. डोळा मिटून धरला, पाणी वाहू लागलं किंवा बुबुळावर निळसर झाक दिसली तर त्याच दिवशी व्हेट गाठा, उद्यावर ढकलू नका. बिशाँ फ्रीझ आनंदी आणि मुलांत रमणारं, पण मूत्राशयातले खडे आणि त्वचेची ॲलर्जी यांकडे लक्ष हवं. मिनिएचर श्नाउझर दणकट, त्याला तेलकट उष्टं कधीच द्यायचं नाही, स्वादुपिंडाला सूज येते. यॉर्कशायर टेरियर जेमतेम 3 किलोचं, श्वासनलिका नाजूक, तुमच्या घरात सध्या नको. 'टीकप' ही जात नाही, तो विक्रीसाठी वापरला जाणारा शब्द आहे. त्या पिल्लांची रक्तातली साखर एक-दोन जेवणं चुकली तरी घसरते, ती थरथरतात, लडखडतात. असं झालं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळून लगेच दवाखान्यात न्यावं लागतं.

आता कंगवा. दोन गोष्टी लागतात: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि जाड-बारीक दातांचा स्टीलचा कंगवा. वरवर ब्रश फिरवला की कोट फुलतो, छान दिसतो आणि मुळाशी गुंता तसाच राहतो. ग्रूमरकडे (कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडे) जाऊन सगळं अंग सफाचट करावं लागतं ते बहुधा यामुळेच. म्हणून पोटाकडून सुरुवात करा. एका हातानं वरचे केस उचलून धरा, खाली बोटभर रुंदीचा थर मोकळा ठेवा आणि कातडीपासून टोकापर्यंत ब्रश काढा, न दाबता. दाबलात तर कातडी सोलवटते. मग पुढचा थर. शेवटी कंगवा कातडीला टेकवून बाहेर ओढा, जिथे अडेल तिथे गुंता आहे. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांडीच्या आत आणि शेपटीच्या बुडाशी रोज बघा. गाठ सापडली तर मूळ चिमटीत धरून बोटांनी फोडा, मग टोकाकडून आत कंगवा घाला. कात्री लावू नका, गाठीत कातडी ओढली गेलेली असते आणि ती सहज कापली जाते.

गुंता सोडवल्याशिवाय आंघोळ नाही. पाण्यानं गाठ आवळते आणि नंतर मशीनशिवाय निघत नाही. टॉवेलनं घासू नका, दाबून पाणी टिपा आणि ब्रश फिरवत ड्रायरनं मुळापर्यंत वाळवा. एवढं रोज जमणार नसेल तर त्यात काहीच कमीपणा नाही: दर 4 ते 6 आठवड्यांनी सगळ्या अंगाचे केस सेंटिमीटरभर ठेवून घ्या, मग आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश पुरतो. कुत्र्यालाही त्यात जास्त सुख असतं.

पिल्लूच हवं असेल तर 8 आठवड्यांच्या आतलं घेऊ नका, आई पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून निघा. पण दिवसा फक्त आजी घरी असतील तर दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घेण्याचा विचार नक्की करा. त्याचा पूर्ण वाढलेला कोट, स्वभाव आणि मुलाच्या शिंका हे सगळं घेण्याआधीच कळतं, आणि शी-शू शिकवण्यासाठी आजींना दिवसभर वाकावं लागत नाही.

पिल्लू आणलंत तर लसीकरणाबद्दल व्हेटनं होकार दिला की ग्रूमरकडे पहिली खेप लवकर करा, फक्त आंघोळ, नखं आणि मशीनच्या आवाजाची ओळख यासाठी. साधारण 8 ते 12 महिन्यांत पिल्लाचा मऊ कोट जाऊन मोठा कोट येतो आणि त्या काळात एका रात्रीत गाठी होतात. ते काही आठवडे रोज कंगवा लावा, नाहीतर सरळ केस बारीक ठेवून घ्या.