पाणी सहज न शोषणाऱ्या कुरळ्या केसांसाठी

अगं, केस धुतल्यावर तासन्‌तास ओले राहतात आणि तेल नुसतं वर चकाकतं म्हणतेस, तर तुझे केस बहुतेक लो पोरॉसिटीच, म्हणजे पाणी कमी शोषणारे. केसावरचे खवले घट्ट मिटलेले असतात, त्यामुळे पाणी सहज आत शिरत नाही. पेल्यातल्या पाण्यात केस टाकायचा आणि तरंगला तर लो पोरॉसिटी म्हणायचं, ती चाचणी सोडून दे; तेलकट केस तसाही तरंगतो.

खरं काम उबेचं. कोमट पाण्याने केस अगदी निथळेपर्यंत भिजव, तशाच ओल्या केसांना पातळ कंडिशनर लाव, वर शॉवर कॅप, आणि त्यावर गरम पाण्यातून घट्ट पिळलेला टॉवेल. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ. रात्रभर ठेवायची गरज नाही, उशी तेवढी खराब होते.

एरंडेल नको. आईला वाईट वाटेल, पण ते जड, वरच थर धरून बसतं. जोजोबाचे दोन-तीन थेंब, तेही सगळ्यात शेवटी. तेल ओलावा देत नाही, असलेला राखतं. केराटिन, प्रोटीनवाले मास्क वरचेवर लावू नकोस, केस काडीसारखे ताठ होतात.

आणि घरी नर्मदेचं पाणी येतं की बोरिंगचं? इंदूरात हे आधी विचारायला हवं. बोरिंगच्या जड पाण्याचे क्षार केसांवर साठतात, मग कुठलंही महागडं क्रीम वाया. महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार धरून काढणारा घटक) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साठलेला थर काढणारा, शाम्पू वापर, लगेच कंडिशनर. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांमध्ये ग्लिसरीनवालं लीव्ह-इन (न धुता केसांवरच ठेवायचं कंडिशनर) जपून लाव, आणि गाडीवर निघताना सुती ओढणीच्या आत सॅटिनचा स्कार्फ बांध.