तोंडाची आग मनाचीच आहे का?

पंचावन्न वर्षांच्या एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्या भेटीला आल्या तेव्हा बोलायला सुरुवात करण्याआधीच त्यांनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि जिभेच्या दोन्ही कडा न्याहाळल्या. आठ महिने त्यांची जीभ आणि टाळू मिरची लागल्यासारखी जळत होती, परंतु दंतवैद्य आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ या दोघांनाही तोंडात जखम किंवा चट्टा आढळला नव्हता. त्यांनी विचारले, "काहीच दिसत नाही, म्हणजे हे माझ्या मनाचेच आहे का? मग तोंडाची कोरड, कडवट चव, डोकेदुखी आणि उडालेली झोप, हे कशाचे?"

हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे आणि त्यामागे बहुतेक वेळा कर्करोगाची न उच्चारलेली भीती असते. मी त्यांना सांगितले की आग खरी आहे. तोंड निरोगी दिसत असूनही 3 महिन्यांपेक्षा अधिक काळ रोज 2 तासांहून जास्त आग होत असेल, तर इतर कारणे वगळल्यावर डॉक्टर तिला स्वतंत्र विकार (बर्निंग माउथ सिंड्रोम) मानतात. रजोनिवृत्तीच्या आसपास आणि त्यानंतर स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो आणि काही रुग्णांच्या जिभेतील सूक्ष्म मज्जातंतू विरळ झालेले आढळले आहेत.

इतर कारणे वगळणे मात्र समुपदेशकाचे काम नव्हे, म्हणून मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवले. लोह, बी-12 आणि फोलिक अॅसिडची कमतरता, मधुमेह, थायरॉइडचे विकार, तोंडातील बुरशीचा संसर्ग, आम्लपित्त, रक्तदाबाची काही औषधे, यांपैकी कशानेही अशी आग होऊ शकते. त्यांचे लोह कमी निघाले; ते भरून आल्यावर थकवा गेला, आग मात्र राहिली.

सोबतच्या तक्रारींचा गुंता आम्ही हळूहळू सोडवला. सकाळी आग सौम्य असे आणि संध्याकाळपर्यंत वाढत जाई. त्या धास्तीने त्या दिवसभर जीभ दातांवर दाबत आणि जबडा आवळून धरत, आणि कानशिलांतील डोकेदुखी बरीचशी त्यातूनच येत होती. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी वेदना अधिक बोचे, आणि वेदना बोचली की चिंता वाढे. चिंता आणि नैराश्य अशा रुग्णांत वारंवार आढळतात, पण त्यावरून आग मनाने रचली असे ठरत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की झोपेसाठी व नैराश्यासाठी दिली जाणारी काही औषधेच तोंड कोरडे करतात. त्यांच्या दोन डॉक्टरांना एकमेकांची औषधे ठाऊक नव्हती, म्हणून सगळी नावे एका कागदावर लिहून दोघांनाही दाखवावीत असे मी सुचवले, आणि त्यानंतर एक गोळी बदलली गेली.

त्या आरशात जीभ किती वेळा पाहतात याची नोंद ठेवली तेव्हा दिवसातून वीसेक वेळा तपासणी होते असे दिसले. ती आम्ही आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एवढ्यावर आणली. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला तर मात्र थेट डॉक्टरांकडे जायचे, हेही ठरवले.

चार महिन्यांनी संध्याकाळची आग पूर्वीपेक्षा कमी झाली होती, पूर्ण थांबली नव्हती. त्या आता सहा तास झोपतात, आणि उरलेल्या आगीसाठी औषध सुरू करायचे का, याबद्दल पुढच्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलणार आहेत.