रबाळ्याची शेती-रोबोटची इंटर्नशिप: घे, पण हे विचारून घे

तुझा प्रश्न असा: मेकॅट्रॉनिक्सचं तिसरं वर्ष, रबाळे एमआयडीसीत द्राक्षबागेत फवारणी करणारा रोबोट बनवणाऱ्या छोट्या कंपनीत सहा महिने, की ऐरोलीच्या आयटी पार्कात दुप्पट स्टायपेंड? बाबा म्हणतात, शेतीत काय ठेवलंय!

मी याच धंद्यात आहे, म्हणून सरळ सांगतो. रबाळ्याला जा. फक्त आधी एक विचारून घे: मशीन बागेत जाईल तेव्हा इंटर्नला सोबत नेणार का? उत्तर 'बघू' असं आलं, तर आयटी पार्क बरा.

कारण एमआयडीसीतल्या गाळ्याच्या गुळगुळीत फरशीवर सगळेच रोबोट शहाण्यासारखे चालतात. निफाड-दिंडोरीकडे पाऊस पडून गेल्यावर बागेत उतरव. चाक चिखलात जागच्या जागी गरगरतं आणि एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर) खुशाल सांगतो की गाडी दोन मीटर पुढे गेली. आरटीके जीपीएस, म्हणजे साध्या जीपीएसपेक्षा कितीतरी अचूक जागा सांगणारं, उघड्यावर दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत अचूक असतं, पण मांडवाखाली पानोळा दाट झाला की सिग्नल डळमळतो. मग लायडारने (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) खोडं आणि लोखंडी अँगल ओळखून ओळ धरावी लागते. त्यात ठिबकची नळी लोंबत असली की चाकात गुंतलीच म्हणून समज.

टाकीचंही तेच. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि फवारत गेलं की वजन उतरत जातं. अर्धी टाकी असताना बांधाजवळ वळण घेतलं की पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी कलते. टाकीत आडवे पडदे का घालतात, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. बोर्डो मिश्रण हे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक; त्यातलं मोरचूद लोखंड-ॲल्युमिनियम खातं, त्यामुळे नोझल आणि फिटिंग कशाचं हे पहिल्याच आठवड्यात विचार.

आरओएस-२ (रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर) आत्ताच येत नसेल तर घाबरू नकोस. पायथन, थोडं लिनक्स आणि मल्टिमीटर हातात धरायची सवय एवढ्यावर सुरुवात होते. कॅन बसची (मोटर, सेन्सर, कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती लाइन) वायर सुटलीय की कोड चुकलाय, हे ओळखणारा पोरगा कोणालाही हवा असतो. (पहिले काही दिवस कनेक्टर क्रिंप करण्यातच, म्हणजे वायरीच्या टोकांना पिना दाबून बसवण्यातच जातील. कुरकुर करू नकोस, बागेत बंद पडलेल्या मशीनचं दुखणं बरेचदा तिथेच निघतं.)

बाबांना सांग, ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा पडली की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने बागायतदार फवारणीमागे फवारणी करतो. पंख्याने औषध उडवणारा ब्लोअर ट्रॅक्टरवर, ड्रायव्हर औषधाच्या धुक्यात, आणि ऐन हंगामात ड्रायव्हर मिळायची मारामार. गिऱ्हाईक तिथे उभं आहे. मशीन परवडेल का, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर कंपनीलाच विचार. भाड्याने देणार की विकणार, बिघडलं तर नाशिकला माणूस कोण, हे ज्यांनी ठरवलंय त्यांच्याकडे शिकायला मिळेल.

स्टायपेंडचं म्हणशील तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रबाळे तिसरं स्टेशन, पासात भागतं. बागेवरच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च कंपनीचा, हे मात्र ऑफर लेटरमध्ये लिहून घे. आणि गमबूट स्वतःचे ने, तिथले कधीच मापाचे नसतात.