गाडीत बसण्याआधीची मदत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. वडिलांच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी नांदेडहून मुंबईला एवढ्या खेपा घातल्यानंतर आता ते पुन्हा शेताकडे लक्ष देऊ लागले आहेत, हे तुझ्या पत्रातून कळले आणि फार बरे वाटले. त्या काळात अनोळखी माणसांनी केलेल्या मदतीची उतराई म्हणून आपणही रुग्णांसाठी काही करावे, हा तुझा विचार मला मनापासून पटतो. मात्र त्यासाठी परळला खोली घेऊन राहावे आणि लगेच एक संस्था काढावी, असा जो बेत तू लिहिला आहेस, त्याविषयी माझे मत वेगळे आहे.

परळला काम करणारे हात पुष्कळ आहेत. टाटा स्मारक हे कर्करोगाचे रुग्णालय तिथे 1941 साली सुरू झाले आणि देशभरातून येणाऱ्या रुग्णांच्या राहण्याजेवणाचा प्रश्न उभा राहिला, तसतशी त्याच्या आसपास मदतीची एक मोठी व्यवस्थाही उभी राहत गेली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती तू स्वतः पाहिलेली असशील. व्ही केअर ही संस्था तर स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी 1994 साली सुरू केली. तिथे सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही, कारण रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर झोपणारी कुटुंबे तूही पाहिली आहेस. पण तिथे चुकलेल्या माणसाला वाट दाखवणारे कोणी ना कोणी भेटते, आणि तुझ्या तालुक्यात ते भेटत नाही.

एकच उदाहरण घे. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, गावाकडे झालेली असते आणि अहवालाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला असतो. पण ज्या मेणाच्या ठोकळ्यात तो तुकडा जतन केलेला असतो तो ब्लॉक आणि त्याच्या काचेच्या स्लाइड गावाकडच्या लॅबमध्येच राहिलेल्या असतात. परळचे डॉक्टर त्या आपल्याकडे तपासून घेतल्याशिवाय सहसा उपचार ठरवत नाहीत. मग घरातला एकजण रात्रीच्या गाडीने परत निघतो आणि रुग्ण नातेवाइकाच्या खोलीत किंवा पदपथावर थांबून राहतो. निघण्याआधी कोणी एक फोन करून सांगितले असते, तर ही अख्खी फेरी वाचली असती. शिधापत्रिकेवरचे नाव एक आणि आधार कार्डावरचे दुसरे असेल, तर मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर अर्ज अडतो, आणि हे दुरुस्त करण्याची जागा तहसील कचेरी असते, मुंबई नव्हे. रुग्णालयाने प्रमाणपत्र भरून दिले की स्लीपर आणि थर्ड एसीत कर्करोगाच्या रुग्णाचे रेल्वेभाडे पूर्ण माफ होते आणि सोबत्यालाही पाऊण भाड्याची सूट मिळते, हेही कित्येकांना तिसऱ्याचौथ्या फेरीला कळते. या साऱ्या गोष्टी तुला ठेच लागून कळल्या आहेत. आजारपणाने तुला दिलेली खरी कमाई हीच आहे, आणि ती तुझ्या गावातच सर्वांत जास्त उपयोगाची आहे.

आईच्या आजारपणानंतर मी या कामात आलो, तेव्हापासून एक गोष्ट पाहत आलो आहे. नव्याने येणारे कार्यकर्ते आपली हकिगत सांगण्यासाठी फार उत्सुक असतात. समोरचा माणूस त्या वेळी घाबरलेला असतो; त्याला कोणता कागद लागेल, किती दिवस राहावे लागेल आणि साधारण किती खर्च येईल, एवढेच जाणून घ्यायचे असते. म्हणून आपली गोष्ट त्याने विचारली तरच सांग, आणि तेव्हाही थोडक्यात सांग. ‘आमचे बाबा बरे झाले, तुमचेही होतील’ हे वाक्य तर कधीही उच्चारू नकोस. औषधाबद्दल काहीही बोलू नकोस, मग ते काढ्याबद्दल का असेना. केमोनंतर ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे असते, अशी जी सूचना रुग्णालयाच्या कागदावर असते, ती मराठीत नीट वाचून दाखवणे एवढी मुभा तुला आहे.

दुसरे काम रक्ताचे, कारण या उपचारांत रुग्णांना ते वरचेवर लागते. आपल्याकडे जयंती, वाढदिवस आणि पुण्यतिथी यांना शिबिरांची झुंबड उडते, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद पडली की रक्तपेढ्या दात्यांच्या शोधात फिरतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, तर साधारण पाच दिवसच टिकतात, त्यामुळे एका दिवशी दोनशे बाटल्या जमवून पुढच्या महिन्याची सोय होत नाही. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, हे ध्यानात घेऊन तुझ्या ओळखीच्या तरुणांची नावे महिन्यांनुसार वाटून ठेव आणि मेची यादी सर्वांत आधी भर. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत, कदाचित म्हणूनच ते होत नाही.

संस्थेचे म्हणशील तर घाई करू नकोस. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, पुढे दरवर्षी हिशेबतपासणी आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद. ज्यांनी एकही रुग्ण गाडीत बसवून दिलेला नाही असे सात जण सही करायला सहज मिळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तूर्त कोणाचेही पैसे हाती घेऊ नकोस. ज्याला द्यायचे असतील त्याने ते रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानात परस्पर भरावेत.

नोकरी सोडू नकोस. आठवड्यातली एकच संध्याकाळ ठरव आणि ती मोडू नकोस, कारण गावात बातमी पसरायला वेळ लागतो आणि ज्या दिवशी कोणी लांबून येईल त्या दिवशी तू भेटली पाहिजेस. सुरुवातीला जिल्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे फुले योजनेत रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटून योजनेसाठी सध्या कोणते कागद लागतात ते लिहून घे, आणि गावातल्या लॅबमधून ब्लॉक व स्लाइड मिळवण्यासाठी काय अर्ज करावा लागतो तेही विचारून ये. दोन्हींची मिळून एका पानाची, मोठ्या अक्षरातली यादी कर आणि छापण्याआधी मला पाठव. मी ती वाचून, काही राहिले असेल तर भर घालून, आठवडाभरात परत करीन. वडिलांना नमस्कार सांग.

तुझा,
काका