ज्येष्ठांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाऊ का?

प्रश्न : मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे मानसशास्त्रात करिअर करायचं आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या एका विरंगुळा केंद्राला स्वयंसेवक हवे आहेत. मैत्रीण म्हणते, प्रमाणपत्र मिळेल, अर्जाला जोडता येईल. आई म्हणते, तिथे खुर्च्याच लावायला लावतील, त्यापेक्षा एखादा कोर्स कर. काय करू?

उत्तर : जरूर जा. फक्त प्रमाणपत्रासाठी जाणार असशील तर मात्र आईचं ऐक. तसली प्रमाणपत्रं ढिगानं येतात आणि अर्ज वाचणारे ती उलटून पुढे जातात. आठवड्यातून एकच दिवस दे, पण ठरलेला दे, आणि निदान सहा महिने तो मोडू नकोस. चार ठिकाणी तोंड दाखवण्यापेक्षा याला कितीतरी जास्त किंमत आहे.

खुर्च्या लावाव्या लागतीलच. त्यातही शिकण्यासारखं आहे. गुडघे दुखणाऱ्याला हात टेकून उठता येईल अशी खुर्ची लागते. काठी आणि वॉकरला जागा सोडावी लागते. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी आली की त्याचा चेहरा काळोखात जातो, ओठ दिसत नाहीत, आणि कमी ऐकू येणाऱ्यांची निम्मी भिस्त ओठांवरच असते. वयोमानानं कान जातात तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ अशी व्यंजनं निसटतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार खरी असते. ओरडून काही साधत नाही. टीव्ही बंद कर, समोर बस आणि सावकाश बोल.

मोबाइल शिकवायचं काम बहुतेक तुझ्याच गळ्यात पडेल. तिथे पहिला नियम : फोन त्यांच्या हातातून घ्यायचा नाही. आपण झटकन करून दिलं की ते काहीच शिकत नाहीत, वर ‘आपल्याला जमत नाही’ हे पक्कं होतं. बोट जरा जास्त वेळ टेकून राहतं आणि ॲप उघडण्याऐवजी भलताच पर्याय समोर येतो. ते का होतं हे दोनदा दाखवलंस तर पुढचं त्यांचं ते करतात. मात्र पिन, ओटीपी, पैशांचा व्यवहार यांना हात लावू नकोस. त्यांनी आपणहून आकडे सांगितले तरी नाही.

मानसशास्त्र म्हणतेस, तर ऐकण्याकडे लक्ष दे. म्हातारी माणसं जुन्याच गोष्टी उगाळतात, हे भ्रमिष्टपणाचं लक्षण, असं पूर्वी सर्रास मानलं जाई. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं 1963 मध्ये उलट मांडणी केली : उतारवयात आयुष्याचा हिशेब मांडणं ही मनाची स्वाभाविक गरज आहे. वयावरून होणाऱ्या भेदभावाला ‘एजिझम’ हा शब्दही त्यांनीच 1969 मध्ये दिला. तेव्हा कुणी तीच हकिगत तिसऱ्यांदा सांगू लागलं, तर या वेळी कुठला तपशील वाढला, कुठला गळला, हे बघ. एखादी आजी मात्र दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न विचारत असेल, तर ते स्मृतिभ्रंशामुळेही असू शकतं. निदान करणं तुझं काम नाही. ‘आत्ताच सांगितलं ना’ असं न म्हणता पुन्हा उत्तर दे आणि समन्वयकांच्या कानावर घाल.

(‘आजी’ हाक सगळ्यांनाच आवडते असंही नाही. आयुष्यभर ‘मॅडम’ म्हणवून घेतलेल्या बाईंना ती खटकू शकते. काय म्हणू, हे सरळ विचार.)

आणि मानसशास्त्राचा हट्ट थोडा सैल ठेव. व्यायामाच्या वर्गात एक साधी चाचणी घेताना दिसेल : खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. ते पाहताना तुझे डोळे चमकले, तर फिजिओथेरपी तुझ्यासाठी असेल. बाथरूममध्ये आधाराची दांडी कुठे हवी हे सुचायला लागलं, तर ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं आपली आपण करता यावीत यासाठीचे उपचार. घरची भांडणं, अडलेली कागदपत्रं सोडवण्यात रमलीस, तर समाजकार्य. ऑडिओलॉजी (ऐकण्याच्या तक्रारींचं शास्त्र), नर्सिंग, वार्धक्यशास्त्र हेही रस्ते आहेतच.

दर खेपेनंतर चार ओळी लिहून ठेव. नावं नकोत, फोटो तर नकोतच. पुढे अर्जात ‘समाजसेवेची आवड’ असं गुळमुळीत लिहिण्यापेक्षा ‘मोबाइलचा वर्ग घेताना अक्षर मोठं करून सुरुवात केली, कारण...’ असं लिहिता येईल. मुलाखतीत प्रश्न त्या ‘कारण’वरच येतात.

घरात मारहाण होते किंवा पैसे काढून घेतात असं कुणी विश्वासानं सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊन बसू नकोस. अशी गोष्ट कुणाला कळवायची, हे पहिल्याच भेटीत समन्वयकांना विचारून घे. त्याच भेटीत परीक्षेच्या तारखाही देऊन ठेव आणि सुट्टीवर जाण्याआधीच्या आठवड्यात तिथे सगळ्यांना तसं सांग. न सांगता गैरहजर राहिलीस तर दारात कुणीतरी वाट बघत बसतं, आणि मग समन्वयक पुढच्या मुलीला घेताना दहादा विचार करतात.