सिगरेट सोडली की खोकला वाढतो, मग सोडू की नको?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी भांडुपला राहतो, वय 44, बावीस वर्षं सिगरेट ओढतोय, दिवसाला 10-12 व्हायच्या. गणपतीनंतर एकदम बंद केली पण आठ-नऊ दिवसांत खोकला एवढा वाढला की रात्रीची झोप गेली, आणि सकाळी पोट पण साफ होईना, एक मारल्याशिवाय प्रेशरच येत नाही. ऑफिसखालच्या टपरीवर सगळे बोलले, बॉडीला सवय झालीये, एकदम सोडू नकोस. म्हणून परत सुरू केली, आता तीनवर आणलीये. तीन चालतील ना? आणि एवढ्या वर्षांनी सोडून फायदा तरी काय?

उत्तर : दादा, नऊ दिवस काढलेत हे वाचून खरंच हळहळले, कारण तलफेचा सगळ्यात वाईट काळ पहिल्या तीन-चार दिवसांचा, तो तर तुम्ही पार केला होतात.

आधी खोकल्याचं. श्वासनलिकेत आतून केसांपेक्षाही बारीक तंतू असतात, धूळ न् कफ वर ढकलायचं काम त्यांचं, धुराने ते लुळे पडतात. सिगरेट बंद झाली की ते परत हलायला लागतात आणि साचलेला कफ बाहेर काढतात, म्हणून काही जणांना काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो. म्हणजे छाती सुधारायला लागली होती आणि नेमकं तेव्हाच तुम्ही परत पेटवलीत. टपरीवरचे मित्र प्रेमानेच बोलले असतील पण साफ चुकीचं बोलले. फक्त एक, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं तर म्युनिसिपल दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या, टीबीची टेस्ट तिथे फुकट होते. मुंबईत राहून सगळा खोकला सिगरेटच्या नावावर टाकून गप्प बसू नका.

पोटाचं म्हणाल तर माझे बाबा गिरणीत होते, चाळीच्या संडासाच्या लाइनीत एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात विडी, विडीशिवाय होणारच नाही असं त्यांना पक्कं वाटायचं. निकोटिनने आतडी हलतात हे खरंय, पण सिगरेट बंद झाल्यावर काही आठवड्यांत पोट आपल्या चालीवर येतं. बाबांनी रात्री इसबगोल आणि सकाळी दोन तांबे कोमट पाणी एवढ्यावर ते दिवस काढले, आणि मग आम्ही सगळे विसरूनच गेलो की असा काही त्रास होता.

आणि तीन चालत नाहीत हो. बारावरून तीन म्हणजे धोका पाव झाला असं हार्टच्या बाबतीत होत नाही, दिवसाला एकच ओढणाऱ्याला पण वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा जादा धोका असतो. शिवाय तीनच्या परत दहा व्हायला एक टेन्शनचा दिवस पुरतो. सिगरेटऐवजी तंबाखू-चुना तर अजिबात नको, तोंडाचा कॅन्सर त्यातून होतो.

फायदा विचारलात, तर पूर्ण सोडल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, वर्षभरात हार्टचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरने जाण्याचा धोका पण तसाच निम्मा. अमेरिकेत दोन लाखांवर लोकांचा अभ्यास झाला, त्यात 35 ते 44 वयात सोडणाऱ्यांना ओढत राहणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ वर्षं जास्त मिळाली. तुम्ही 44 चे आहात दादा, अजून त्याच गटात आहात!

यावेळी पहिले पंधरा दिवस चहा टपरीवर नको, वरती डेस्कवर मागवा. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ पाणी प्या, जिना चढा-उतरा. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, किती पॉवरचं ते डॉक्टरांना विचारा, आणि ते नेहमीच्या च्युइंगमसारखं सतत चघळायचं नाही, थोडं चावून गालात धरायचं, नाहीतर घसा जळतो आणि उचक्या लागतात. सिगरेटच्या पाकिटावर 1800-11-2356 हा सरकारी नंबर असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. पाकीट फेकायच्या आधी तेवढा मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या.